थंड इंजिनाची टिकटिक आणि मूठ सोडली की फटाके : एक्झॉस्टची गळती शोधायची कशी?

रानवाट

१५० सीसी, एक सिलिंडर, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली गाडी. लक्षणं अशी:

थंड इंजिन चालू केलं की हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) बाजूने टिकटिक. तापल्यावर बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. चढावर एक्सिलरेटरची मूठ पिळली की तीच टिकटिक मोठी होऊन फटफट ऐकू येते. चौथ्या गियरमध्ये मूठ एकदम सोडली की सायलेन्सरमध्ये बारीक फटाके. शिवाय ४००० आरपीएमच्या आसपास कुठलातरी पत्रा थरथरतो, त्याच्या खाली-वर शांत.

टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट ठरवणारे स्क्रू) सेट झालेत, आवाजात काही फरक नाही. त्याआधी बेंड पाइप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) काढून पुन्हा बसवलेला आहे. आता सल्ले दोन मिळतायत, टायमिंग चेन (इंजिनातली, व्हॉल्व्ह चालवणारी) बदला किंवा अख्खा सायलेन्सर बदला. खर्चात पडण्याआधी तपासणीचा क्रम हवा आहे.

फिलरगेज

दोन्ही बदलू नका. आवाज कशाबरोबर बदलतो ते आधी पक्कं करा, मगच पाना हातात घ्या.

न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर आवाज त्याच वेगाने वाढतो का? वाढला तर तो इंजिनाचा किंवा एक्झॉस्टचा. ४०-५० च्या वेगात मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. आवाज चाकाच्या वेगाने चालूच राहिला तर चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग, ब्रेक पॅड यांच्याकडे बघा, इंजिनाला हात लावू नका. एवढ्यानेच अर्धे संशयित बाद होतात.

मग लोड, म्हणजे इंजिनावरचा भार. चौथ्या गियरमध्ये हलक्या चढावर एकच वेग धरून मूठ थोडी पिळा आणि थोडी सोडा. टॅपेटचा आवाज दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच असतो. गळतीचा आवाज मूठ पिळली की फुगतो आणि सोडली की बसतो, कारण बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब लोडबरोबर वाढतो. तुमचं वर्णन सरळ गळतीकडे बोट दाखवतंय.

ठोके मोजून निकाल लागत नाही, हेही सांगतो. चार स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. १२०० आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला १० ठोके. ढिल्या टॅपेटचा हिशोबही तोच. म्हणून कान कितीही तयार असला तरी नुसत्या तालावरून या दोघांत गल्लत होते, आणि विनाकारण टॅपेट आवळले जातात. आवळलेला टॅपेट हा गळतीपेक्षा मोठा धोका आहे. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. तुमचे टॅपेट आवाज घालवायच्या नादात घट्ट केले गेले असतील तर इंजिन रात्रभर थंड करून, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मॅन्युअलच्या मापाला परत आणा.

तेलकटहात

ऐकायला दोन वेगळी हत्यारं लागतात. लांब स्क्रूड्रायव्हर, मूठ कानामागच्या हाडाला आणि टोक इंजिनावर: याने धातूचा आवाज येतो. टॅपेट कव्हर, टायमिंग चेनची बाजू, क्लच कव्हर, एकेका जागी टोक टेकवत जा. गळती मात्र स्क्रूड्रायव्हरने सापडत नाही, कारण ती हवा आहे. तिला पेट्रोलच्या नळीसारखी साधी रबरी नळी, पाऊण ते एक मीटर. एक टोक कानाजवळ (आत खुपसायचं नाही), दुसरं मोकळं टोक जॉइंटपासून २-३ सेंटीमीटरवर धरून सावकाश गोल फिरवायचं. गळतीच्या जागी आल्यावर प्रत्येक ठोक्याला कानात हवेचा ठोसा जाणवतो, आणि टोक बोटभर सरकवलं की तो जातो. फ्लँजच्या (बेंड हेडला दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) वर, खाली, दोन्ही स्टडांच्या (ज्यांवर तिचे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांच्या) मागे, सगळीकडे फिरवा. नळी बेंडला टेकू देऊ नका, वितळते.

हे थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत उरका. नंतर धातू प्रसरण पावून बारीक फट दाबली जाते. तुमची टिकटिक तापल्यावर कमी होते ती बहुधा यामुळेच.

त्याच वेळी चिंधीची परीक्षा घ्या. जाड सुती कापडाची घडी, हातात चामडी हातमोजा, सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरा. सगळं घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं. गळती असेल तर इंजिन चालत राहतं आणि टिकटिक एकदम मोठी होते.

हे सगळं उघड्यावरच करा. बंद गॅरेजमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आपण तर मुद्दाम गळतीजवळ तोंड नेत असतो.

दोनस्ट्रोक

चिंधीने गळती आहे एवढं कळतं, जागा कळत नाही. चालत्या इंजिनावर साबणाचं पाणी मारतात तेही फोल, बेंड तापला की पाणी उडून जातं. इंजिन बंद ठेवून ब्लोअरने तपासा.

गाडी पूर्ण थंड. स्पार्क प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. ही पायरी गाळली तर हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि प्लगच्या भोकातून बाहेर जाते, आणि दाब का बनत नाही ते कळत नाही. प्लग परत बसवा. ब्लोअर किंवा व्हॅक्यूम क्लीनरची उलटी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावून भोवती कापड गुंडाळा. घरगुती ब्लोअरचा दाब पुरतो, काँप्रेसरची हवा थेट सोडू नका.

आता भांडी घासायचा लिक्विड सोप एक भाग, पाणी चार भाग, ब्रशने लावा. हेडचा जॉइंट, बेंड आणि सायलेन्सरचा जॉइंट, सगळे वेल्ड, स्टँडचा ब्रॅकेट जिथे जोडलाय ती जागा, खालची बाजू. मोठी गळती फुगे करत नाही, साबण उडवून लावते, तेव्हा हातही फिरवून बघा. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याच्या आट्यांनाही साबण लावून बघा.

रानवाट

ब्लोअरने तपासलं. हेडच्या जॉइंटला खालच्या बाजूने डावीकडे मोठे फुगे. तिथेच हेडच्या फिन्सवर सुकी काळी काजळी आहे, पंख्यासारखी पसरलेली. दुसरी गळती सायलेन्सरच्या पोटाला मागच्या बाजूला, ३ मि.मी.चं गोल भोक, तिथून हवा जोरात. तिसरीकडे काही नाही. ते भोक वेल्डने बुजवायचं का?

फिलरगेज

बुजवू नका. गोल, स्वच्छ कडांचं, सगळ्यात खालच्या जागी असलेलं भोक कंपनीनेच पाणी निघायला ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफ होऊन जातं. गाडी रोज जेमतेम पाच-दहा मिनिटंच चालत असेल तर ते आत साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. ते भोक चोंदलं असेल तर उलट तारेने मोकळं करा. गंजाचं भोक वेडंवाकडं असतं, कडा पातळ, बोटाने दाबली तर मोडणाऱ्या. ते मात्र गळतीत धरायचं.

हेडवरची काजळी सुकी आहे म्हणता, म्हणजे गॅसच. ओली, तेलकट आणि धूळ धरलेली असती तर टॅपेट कव्हर किंवा हेड गॅसकेट बघावं लागलं असतं.

काळीरिंग

बेंड काढून बसवल्यानंतर खालून फुगे, म्हणजे रिंगचं प्रकरण. हेडच्या पोर्टमध्ये जी तांब्याची किंवा पत्र्याच्या वेष्टणातली ग्रॅफाइटची रिंग असते ती एकदाच दबते. पहिल्या आवळण्यात ती त्या बेंडच्या तोंडाप्रमाणे आकार घेते. बेंड काढून पुन्हा बसवला की तो त्याच कोनात बसत नाही आणि दबलेली रिंग आणखी दबायला तयार नसते. बेंड उतरला की रिंग नवीन, यात काटकसर नको.

जुनी रिंग काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. पोर्टच्या तळाशी ती काजळीखाली इतकी मुरलेली असते की हेडचाच भाग वाटते, आणि नवी रिंग तिच्यावरच बसवली जाते. दोन रिंगा एकावर एक बसल्या की बेंड सरळ बसत नाही, एका बाजूने दाबतो आणि दुसरीकडून फुंकतो. म्हणून टॉर्चच्या उजेडात टोकदार आकड्याने पोर्टच्या कडेच्या आत हलकेच खरवडा. तांबूस किंवा चकचकीत धातू दिसला तर रिंग आत आहे. अॅल्युमिनियम फिकट पांढुरकं दिसतं.

काढताना पिस्टन पुन्हा कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवा, पोर्टमध्ये चिंधीचा बोळा आत सरकवा म्हणजे कचरा व्हॉल्व्हवर जाणार नाही. रिंगच्या आतल्या कडेला बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक अडकवून ती आतल्या बाजूला, पोर्टच्या मध्याकडे दुमडा. एका जागी दुमडली की पक्कडीत धरून बाहेर येते. बाहेरच्या बाजूने छिन्नी मारू नका. हेडच्या अॅल्युमिनियमवर ओरखडा उमटला तर नवी रिंगही तिथून गळेल. बसण्याची जागा पितळी ब्रशने साफ करा आणि बोळा काढायला विसरू नका.

नवी रिंग पोर्टमध्ये बसवताना खाली पडते, तिला तीन ठिकाणी ग्रीसचा ठिपका लावा. पहिल्या पाच मिनिटांत तो जळून थोडा धूर येईल, घाबरू नका. मापाचं एक बघा: नट आवळल्यावर फ्लँज आणि हेड यांच्यात दोन्ही स्टडांपाशी सारखी फट राहायला हवी. फ्लँज हेडला टेकली असेल तर रिंग पातळ आहे, आणि नट कितीही आवळला तरी जोर रिंगवर जाणारच नाही. फ्लँज पोलादी पट्टीवर धरून बघा, कानाच्या बाजूंना वाकलेली असेल तर सरळ करा किंवा बदला.

साताठचापाना

आवळण्याचा क्रम यात राहिला. सगळं आधी ढिलं जोडायचं: हेडचे नट हाताने, सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला, मागचा माउंटिंग बोल्ट ढिला. मग हेडचे दोन नट आलटून पालटून, एका वेळी अर्धा फेरा. मग मधला क्लॅम्प, शेवटी मागचा बोल्ट. मागचा बोल्ट आधी आवळला की बेंड ताणात राहतो. आज गळती थांबल्यासारखी वाटते, पण पुढे त्या ताणात वेल्डला तडा जातो किंवा रिंग एका बाजूने सुटते. मागचं भोक जुळत नसेल तर बोल्टने ओढून आणू नका, ब्रॅकेट जुळवून घ्या किंवा वॉशर घाला.

टॉर्क मॅन्युअलमध्ये असतोच. अंदाज म्हणून, ६ मि.मी. स्टडला (नट १० च्या पान्याचा) १० ते १२ न्यूटन मीटर, ८ मि.मी. स्टडला (नट १२ किंवा १३ च्या पान्याचा) साधारण २० च्या आसपास. लांब पान्याने ६ चा स्टड सहज तुटतो.

नट उघडायच्या आधी आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. फिरायला लागल्यावर अडला तर उलटा थोडा आवळा, पुन्हा सोडा, असं पुढे-मागे करत काढा. नटाऐवजी अख्खा स्टडच निघाला तर वाईट नाही, तो नवा बसवा. स्टड बाहेर उरून तुटला तर दोन नट एकमेकांवर लॉक करून फिरवून बघा. हेडच्या पातळीत तुटला असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्यावा लागतो. वेल्डच्या उष्णतेने गंजही सुटतो. हेडचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). बसवताना आट्यांवर तांब्याचा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ लावा, आणि लावलाच तर टॉर्क खालच्या आकड्यावर ठेवा, कारण आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला स्टडवर ताण जास्त येतो.

पावसाळी

इतकं करण्यापेक्षा त्या जॉइंटला लाल सिलिकॉन भरलं तर?

काळीरिंग

टिकणार नाही. हेडच्या तोंडाशी गॅस कित्येकशे अंशांचा असतो, आणि उष्णता झेलणारं म्हणून मिळणारं लाल सिलिकॉन ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास संपतं. जळून भुगा होतो आणि पुढच्या वेळी खरवडायला आणखी काम. शिवाय इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. एक्झॉस्टची पेस्ट बेंड सायलेन्सरमध्ये घुसतो त्या सरकत्या जॉइंटला चालते. तिथेही गंज घासून, पातळ थर देऊन, पाकिटावर सांगितलं तितका वेळ सुकू द्यायचा. तडा गेलेल्या पाइपला पेस्ट म्हणजे घरी पोचण्यापुरता इलाज. तड्याच्या दोन्ही टोकांना २-३ मि.मी. भोक पाडून मग वेल्ड करून घ्या, नाहीतर तो वेल्डच्या पुढे सरकतो. वेल्डआधी क्रोम घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, इसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर त्याचाही कनेक्टर काढा.

जेटवाला

फटाक्यांबद्दल. मूठ सोडली की सिलिंडरमध्ये मिश्रण इतकं अपुरं भरतं की ते नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल गरम बेंडमध्ये जातं आणि तिथे ताजी हवा भेटली की पेटतं. गळती फक्त बाहेर फुंकत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर बेंडमध्ये दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, तेव्हा त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. म्हणून हेडजवळची गळती आणि फटाके जोडीने येतात, आणि मागे सायलेन्सरच्या टोकाची गळती सहसा नुसता आवाज करते.

पण रिंग बदलून फटाके उरले तर लगेच बेंड पुन्हा उघडू नका. एअर फिल्टरच्या डब्यातून एक नळी हेडच्या एक्झॉस्ट पोर्टकडे येते का बघा. प्रदूषण कमी करायला बाहेरची हवा मुद्दाम आत सोडणारी ती व्यवस्था आहे. मूठ सोडल्यावर इनटेकच्या व्हॅक्यूमने तिचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली की तो उघडाच राहतो आणि फटाके सुरू. तपासायला मोठी नळी काढून दोन्ही टोकांना रबरी टोपी लावा आणि चालवून बघा. फटाके गेले तर दोष तिथेच आहे. डब्याच्या बाजूने फुंकलं की हवा इंजिनाकडे जायला हवी, उलटी येता कामा नये. उलटी येत असेल, किंवा नळीत आतून काजळी असेल तर रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी पाती) गेला. दोष सापडल्यावर टोप्या काढून सुटा भाग बदला, व्यवस्था कायमची बंद ठेवू नका.

तेही ठीक असेल तर इनटेकचं रबर. आयडलिंगला त्यावर स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडलिंग क्षणभर बदललं तर रबराला चीर आहे किंवा क्लॅम्प ढिला. हा प्रयोग पेट्रोलने करू नका, बेंड हातभर अंतरावर तापलेला असतो.

शेवटी स्लोचा स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा. आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, मग मूळ जागी आणून पाव-पाव फेऱ्याने बदला, इंजिन पूर्ण तापलेलं असताना. स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने पेट्रोल वाढतं. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने हवा वाढते, म्हणजे उलट.

पावसाळी

इंजेक्शनच्या गाडीत हेडची गळती असेल तर मायलेजवर परिणाम होतो का?

जेटवाला

सेन्सरच्या आधी गळती असेल तर होतो. आत ओढलेली हवा सेन्सरला दिसते, इसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. प्लग काळा, मायलेज खाली, धुराला पेट्रोलचा वास. कधी सेन्सरच्या चुकीचा कोड येतो आणि सेन्सर बदलला जातो. इंजेक्शनच्या गाडीत आधी ब्लोअरची परीक्षा, मग सेन्सर.

तेलकटहात

४००० ची थरथर वेगळी आहे, तिला गळतीत मिसळू नका. ठरावीक आरपीएमलाच येणारा पत्र्याचा आवाज म्हणजे काहीतरी ढिलं आहे आणि त्या कंपनाला थरथरतं. गाडी उभी करून जोडीदाराला आरपीएम तिथे धरायला सांगा आणि लाकडी दांडक्याने एकेक भाग दाबा. हीट शील्ड, सायलेन्सरची टोपी, चेन कव्हर, नंबर प्लेट, मडगार्डची पट्टी. दाबल्यावर थांबलं की सापडलं. हीट शील्डचा रबरी वॉशर वाळून गेलेला असतो, बहुतेक वेळा तेवढंच निघतं. उभ्या एअर कूल्ड गाडीला जास्त वेळ रेस देऊ नका, एका वेळी अर्धा मिनिट पुरे.

बाहेर काही नसेल तर थंड सायलेन्सरवर रबरी हातोडीने ठोका. आत खुळखुळ वाजलं तर जाळी किंवा बॅफलचा (आवाज अडवणाऱ्या आतल्या पत्र्याचा) वेल्ड सुटलाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुराचं प्रदूषण कमी करणाऱ्या आतल्या भागाची) गाडी असेल तर त्याचा चुरा झालेला असू शकतो. तो चुरा पुढे अडकला की पिकअप जातो आणि गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते.

दोनस्ट्रोक

गळतीसारखाच ऐकू येणारा आणखी एक चोर म्हणजे ढिला स्पार्क प्लग. तीच फुस्-फुस्, तेच लोडवर वाढणं. प्लगच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडा, चालत्या इंजिनात बुडबुडे आले तर तिथून गळतंय. नवा प्लग हाताने टेकल्यानंतर साधारण अर्धा फेरा आवळतात, वापरलेला प्लग त्याच वॉशरवर जेमतेम आठवा भाग.

बाकी आवाजांचं थोडक्यात. क्लच दाबला की बंद होणारी घरघर म्हणजे क्लच बास्केट किंवा गियरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. इंजिन थंड असताना खडखडून तापल्यावर जाणारा बोदा आवाज बहुधा पिस्टनचा, तो लगेच धोक्याचा नाही. टायमिंग चेन डाव्या किंवा उजव्या एकाच बाजूने खळखळते आणि मूठ सोडताना जास्त ऐकू येते. लोडवर येणारा, खालून जाणवणारा जड ठोका असेल तर कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तेव्हा गाडी तिथेच बंद करा आणि ढकलत न्या.

रानवाट

बेंड उघडला. पोर्टमध्ये खरंच दोन रिंगा होत्या, खालची तळाला चिकटलेली. दोन्ही काढून एकच नवी बसवली, फट दोन्ही बाजूंना सारखी. टिकटिक थंड इंजिनातही गेली. थरथर हीट शील्डच्या मागच्या स्क्रूची होती. फटाके बरेच कमी झाले, पण लांब उतारावर तिसऱ्या गियरला अधूनमधून येतात.

साताठचापाना

पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्कला तपासा. नवी रिंग पहिल्या काही तापण्या-थंडावण्यात आणखी बसते आणि नट पाव फेरा तरी घेतात. गरम असताना आवळू नका. आवळताना सायलेन्सरचा मागचा बोल्ट आधी ढिला करा.

जेटवाला

उरलेल्या फटाक्यांसाठी हवेच्या नळीवर टोपी लावून त्याच उतारावर बघा. तरीही आले तर स्लोचा स्क्रू पाव फेरा पेट्रोलच्या बाजूला फिरवा. लांब उतारावर एखाद-दुसरा बारीक फटाका कार्बोरेटरच्या निरोगी गाडीतही येतो, त्याच्यामागे लागून स्क्रू एवढा उघडू नका की प्लग काळा पडेल.